सत्तरीचे आरोग्य कार्ड आले, पण घास चावायचा कशाने?

सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना घेऊन त्यांचा मुलगा माझ्या दवाखान्यात आला होता. वर्षभरात आजींचे वजन आठ किलोने उतरले होते. सोबत जाड फाईल होती: रक्ताच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, थायरॉईड. सगळे जवळपास ठीक. फक्त शुगर वाढलेली, तीही गोळ्या चालू असताना. मुलाच्या मनात कॅन्सरची भीती होती. आईसमोर तो बोलला नाही, पण चेहऱ्यावर ती दिसत होती.

मी आजींना विचारले, "कालच्या दिवसात काय काय खाल्लंत?" सकाळी चहा-खारी, दुपारी गुरगुट्या भात, चार वाजता चहा-बिस्कीट, रात्री दुधात कुस्करलेली अर्धी पोळी. भाकरी? "ती सोडून दोन वर्षं झाली." उसळ? "चावत नाही." मग मी त्यांना तोंड उघडायला सांगितले. तोंडात एकही दात नव्हता. "कवळी केली नाही का?" "केलीय की. घरी डबीत आहे. खालची टोचते."

या आजींना मी त्याआधी चार वेळा तपासले होते. बीपी मोजले, छाती तपासली, पायावरची सूज पाहिली. तोंडात एकदाही पाहिले नव्हते. ही चूक माझी होती. पण ती फक्त माझ्याच दवाखान्यात होते असे नाही. ती घरोघरी होते आणि सरकारी योजना आखतानाही होते. म्हणून हा लेख.

योजनांमध्ये काय आहे आणि काय नाही

गेल्या काही वर्षांत ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी मोठ्या घोषणा झाल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत घेण्यात आले. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आणि त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड. ही चांगलीच गोष्ट आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, मोडलेले खुब्याचे हाड यांसाठी आता अनेक घरांना कर्ज काढावे लागणार नाही.

मात्र ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. हिरड्यांची सफाई, किडलेला दात भरणे, रूट कॅनाल, कवळी बसवणे ही सगळी कामे खुर्चीवर बसून होतात, त्यासाठी कोणी दाखल होत नाही. म्हणजे दात वाचवण्याचा आणि बसवण्याचा नेहमीचा खर्च घरच्यांच्या खिशातूनच जातो.

केंद्र सरकारची दुसरी योजना म्हणजे २०१७ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना. ती दारिद्र्यरेषेखालील आणि कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी आहे. काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चष्मा, व्हीलचेअर यांच्या बरोबरीने तिच्या यादीत कवळीही आहे. दात गमावणे ही वयाबरोबर येणारी अक्षमता आहे, असे या योजनेने मान्य केले आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न २ लाखांपर्यंत असलेल्या ज्येष्ठांच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात. त्यातून घ्यायच्या वस्तूंमध्ये चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा आणि कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा यांची नावे आहेत. कवळीचे नाव नाही.

बघायला, ऐकायला, चालायला साधन मिळते, खायला मात्र नाही. "दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत" ही म्हण आपण नशिबाबद्दल बोलताना वापरतो. इथे ती अक्षरशः खरी ठरते.

हा प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे, आणि ६० वर्षांवरील सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही. भारतात २०११ च्या जनगणनेत ६० वर्षांवरील लोक १० कोटींहून थोडे अधिक होते. २०३६ पर्यंत ते २२ कोटींच्या पुढे जातील असा सरकारी अंदाज आहे.

चावण्याची ताकद म्हणजे काय?

दोन्ही हातांची बोटे गालावर, कानाच्या थोडी पुढे ठेवा आणि दात घट्ट मिटा. बोटांखाली एक स्नायू टणक होईल. घास भरडण्याचे काम करणारा हा मुख्य स्नायू. पण ताकद फक्त स्नायूची नसते. त्यासाठी चार गोष्टी लागतात.

- समोरासमोर भिडणाऱ्या दाढा. वरची दाढ आहे पण तिच्याखालची नाही, तर दोन्ही बिनकामाच्या. म्हणून नुसते दात मोजून भागत नाही, जोड्या पाहाव्या लागतात.
- दातांना धरून ठेवणारे हाड आणि हिरड्या. हलणाऱ्या दातावर माणूस जोर देतच नाही.
- जबड्याचे, गालाचे आणि जिभेचे स्नायू. वापर कमी झाला की तेही बारीक होतात.
- लाळ. कोरड्या तोंडात घास गोळा होत नाही आणि कवळीही धरून राहत नाही.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो. किती जोर द्यायचा हे तो मेंदूला कळवत असतो. म्हणूनच भातातला बारीक खडा आपल्याला लगेच कळतो. दात काढला की ती जाणीवही जाते. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दाढांच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो. याचा अर्थ कवळी निरुपयोगी आहे असा नाही. तिच्यामुळे जेवण, बोलणे, चारचौघांत हसणे सगळे सुधारते. पण "आता काढून टाका सगळे, एकदाची कवळी बसवू" असे म्हणण्याआधी हा फरक माहीत असावा. वाचण्यासारखा दात वाचवणे नेहमीच फायद्याचे.

न चावल्याने नुकसान काय होते?

पहिले नुकसान ताटात होते. दाढा दुखू लागल्या की माणूस तक्रार करत नाही, पदार्थ सोडतो. आधी शेंगदाणे आणि ऊस जातो, मग काकडी-गाजराची कोशिंबीर, पेरू, मग मटकीची उसळ, भाकरी, मटण. उरते काय? भात, पोहे, उपमा, बिस्कीट, केळे, चहा. म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थ वाढतात, प्रथिने आणि चोथा कमी होतो. त्या आजींचे वजन उतरत असताना शुगर का वाढत होती, याचे बरेचसे उत्तर इथे होते.

दुसरे नुकसान स्नायूंचे. ज्येष्ठांना रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पेज आणि खारीतून एवढी प्रथिने मिळत नाहीत. स्नायू बारीक होतात, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, तोल जातो. पडून खुबा मोडलेल्या रुग्णाची खरी गोष्ट अनेकदा दोन वर्षे आधी तोंडात सुरू झालेली असते.

तिसरे, हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना वाढवतात. शुगर जास्त असेल तर हिरड्या लवकर खराब होतात, आणि हिरड्यांमधला जंतुसंसर्ग शुगर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या आढाव्यात दिसले. हे औषधांना पर्याय नाही, पण औषधांना लागणारी मदत नक्कीच आहे.

चौथे, फुप्फुसे. अस्वच्छ तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, विशेषतः अंथरुणाला खिळलेल्या आणि गिळताना ठसका लागणाऱ्या लोकांना. जपानमध्ये ८५ वर्षांवरील लोकांच्या एका अभ्यासात, रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला.

"चावणे कमी झाले की स्मृतिभ्रंश होतो" असे संदेशही मोबाईलवर फिरतात. त्याबाबत सावध राहा. चावण्याची ताकद कमी असलेल्या ज्येष्ठांमध्ये विस्मरण आणि हृदयविकार जास्त दिसतात, हे काही अभ्यासांत आढळले आहे. पण एकामुळे दुसरे होते हे त्यावरून सिद्ध होत नाही. विसरभोळा झालेला माणूस दातही नीट घासत नाही, आणि तंबाखू दात व हृदय दोन्ही बिघडवते. म्हणून कवळी बसवली की स्मरणशक्ती परत येईल, असे आश्वासन मी देणार नाही. जेवण सुधारेल, एवढे मात्र सांगते.

जपानने काय केले?

जपानमध्ये १९८९ साली "८०२०" नावाची मोहीम सुरू झाली. अर्थ सोपा: ८० व्या वर्षी तोंडात स्वतःचे २० दात. साधारण वीस दात नीट जागी असले तर बहुतेक सगळे चावून खाता येते, म्हणून हा आकडा. तेव्हा ८० वर्षांच्या दहा लोकांमागे एकाचेही वीस दात शिल्लक नसत. २०१६ च्या पाहणीत हे प्रमाण निम्म्याहून वर गेले होते.

हे कवळ्या वाटून झाले नाही. लहान मुलांची दंततपासणी, चाळिशीपासून दर दहा वर्षांनी हिरड्यांची तपासणी, आणि दातांचे उपचार व कवळी सार्वजनिक विम्यात असणे, यातून ते घडले. २०१८ पासून तर तोंडाची कार्यक्षमता कमी होणे हे निदान म्हणूनच तिथल्या विम्यात आले. त्यात चावण्याचा जोर मोजतात, जिभेचा दाब मोजतात, गमीची गोळी वीस सेकंद चावायला देऊन ती किती बारीक होते हेही पाहतात.

आपल्याकडे तेवढा पैसा नाही, हे खरे. पण एक गोष्ट आपल्याकडेही आधीच चालू आहे. तिशीनंतरच्या प्रत्येकाची बीपी, मधुमेह आणि तोंडाचा कर्करोग यांसाठी तपासणी व्हावी, असा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई घरोघरी अर्ज भरून घेतात, आरोग्य मंदिरात तोंड उघडून टॉर्चने पाहिले जाते. टॉर्च लागलेलीच आहे तर त्याच वेळी समोरासमोरच्या दाढा मोजायला आणि "काय काय खायचं सोडलंत?" असे विचारायला एक मिनिट पुरते.

दुसरी गोष्ट शिबिरांची. कवळी ही चष्म्यासारखी हातात देऊन विसरायची वस्तू नाही. माप घ्यायला, घालून पाहायला आणि टोचते तिथे घासून घ्यायला चार-पाच फेऱ्या लागतात. दात काढल्यावर जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत राहते, त्यामुळे आज घट्ट बसणारी कवळी तीन-चार वर्षांत सैल होऊ शकते. खालची लवकर होते, कारण तिला टाळूचा आधार नसतो आणि जीभ तिला सतत हलवते. एका दिवसाच्या शिबिरात दिलेल्या कवळ्या डबीत का जातात, ते यावरून कळेल. योजनेत कवळीचे नाव घातले आणि पुढच्या फेऱ्यांची सोय केली नाही, तर पैसे खर्च होतील आणि आजी खारीच खात राहतील.

घरी तपासा: पाच प्रश्न

जपानमधील तीन वैद्यकीय संस्थांनी २०२४ मध्ये सुचवलेली पाच प्रश्नांची यादी आपल्या घरातही उपयोगी आहे. आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना विचारा.

१. स्वतःचे दात वीसपेक्षा कमी आहेत का?
२. सहा महिन्यांपूर्वीपेक्षा आता कडक पदार्थ चावणे अवघड जाते का?
३. अलीकडे चहा किंवा आमटी पिताना ठसका लागतो का?
४. तोंड कोरडे पडते का?
५. बोलताना शब्द पूर्वीसारखे स्पष्ट येत नाहीत का?

दोन किंवा अधिक उत्तरे "हो" असतील तर डॉक्टरांना आणि दाताच्या डॉक्टरांना दोघांनाही दाखवा. बोलणे अचानक अडखळू लागले किंवा तोंड एका बाजूला वाकडे झाले तर ती दातांची बाब नाही. पक्षाघात असू शकतो, ताबडतोब रुग्णालयात जा.

तुम्ही काय करू शकता?

स्वच्छता. उरलेले दात दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने, मऊ ब्रशने घासा. बोटे कडक झाली असतील तर ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून ती जाड करा. दात नसले तरी हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ कापडाने पुसा.

मिश्री बंद. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. मिश्रीने दात स्वच्छ होत नाहीत. ठणका तेवढ्यापुरता बधिर होतो आणि आतून हिरडी सुटत जाते. कर्करोगाचा धोका आहेच.

कवळी. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाणी वापरू नका, कवळी वाकडी होते. पेस्टने घासू नका, चरे पडतात. साबण आणि मऊ ब्रश पुरतो. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवा, हातातून सुटली तरी फुटणार नाही. तुटली तर घरी गोंदाने चिकटवू नका. वर्षातून एकदा ती दाताच्या डॉक्टरांना दाखवा. टोचते म्हणून काढून ठेवू नका, दुरुस्त करून घ्या.

गोळ्यांची यादी. झोपेच्या, ॲलर्जीच्या, लघवीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. मनाने बंद करू नका.

दात काढण्याआधी. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी वा इंजेक्शन घेत असाल, तर दाताच्या डॉक्टरांना आधी सांगा. रक्ताची गोळी स्वतःहून थांबवणे धोक्याचे आहे, आणि हाडांच्या औषधांमुळे क्वचित जबड्याची जखम भरत नाही.

जेवण. उपचार पूर्ण होईपर्यंत अन्न मऊ करा, पण पातळ आणि पिठूळ करू नका. दही, पनीर, अंडे, नीट काटे काढलेला मासा, मूगडाळीचे धिरडे, शिजवून कुस्करलेली उसळ, भाजीत दाण्याचे कूट. बसवून, घाई न करता भरवा.

खर्च. इम्प्लांटची जाहिरात पाहून घाबरू नका आणि भुलूही नका. ज्यांची खालची कवळी राहतच नाही त्यांना दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी खूप उपयोगी पडते, पण सर्वांना तिची गरज नसते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय अशा ठिकाणी कवळीचे काम खाजगीपेक्षा बरेच स्वस्त होते. वेळ आणि फेऱ्या लागतात, त्याची तयारी ठेवा.

लगेच दाखवा: दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, गालावर सूज आणि ताप. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येणे आणि सोबत कानशिलाजवळ नवीन डोकेदुखी किंवा दिसण्यात फरक असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दृष्टी वाचवण्यासाठी ते गरजेचे असू शकते.

आजींचे पुढे काय झाले?

मी त्यांना दंत महाविद्यालयात पाठवले. खालच्या जबड्याचे हाड झिजले होते आणि कवळीची एक कड हिरडीत रुतत होती. कवळीला आतून नवा थर देऊन ती घासून घेतली. त्यासाठी एसटीने चार फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीनंतर मुलगा कंटाळला होता. नातीने उरलेली फेरी केली. तीन महिन्यांनी वजन अडीच किलोने वाढले. शुगर थोडी उतरली, गोळ्या मात्र चालूच आहेत. कडक भाकरी अजूनही जमत नाही, आमटीत बुडवून खातात.

आता दवाखान्यात साठीपुढचे कोणीही आले की बीपीचा पट्टा गुंडाळण्याआधी मी त्यांना तोंड उघडायला सांगते. तुमच्या डॉक्टरांनी सांगितले नाही तर तुम्हीच म्हणा, "जरा तोंडातही बघा." आणि आज रात्री जेवायला बसाल तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांच्या ताटाकडे एकदा पाहा. काय उरले आहे, काय बाजूला सारले आहे आणि कवळी तोंडात आहे की डबीत, तेवढे बघा.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या तक्रारींचे निदान आणि औषधातील बदल प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवूनच करा.